साथ बंद करा

चिलवेरी सरांचे हात थांबले होते, पण पडद्यावरची कात्री चालतच होती.

डॉ. रेवती बिराजदार रुग्णाच्या डोक्याशी, भूल देणाऱ्याच्या नेहमीच्या जागी उभी होती. सोलापूरच्या कमलापूरकर ट्रस्ट हॉस्पिटलचं ते थिएटर. टेबलाभोवतीच्या नर्स आणि सहायक डॉक्टरांच्या नजरा पडद्यावर खिळलेल्या. सर्जन कोपऱ्यातल्या कन्सोलवर बसून पकडी फिरवायचा आणि त्याप्रमाणे रुग्णाच्या पोटातली यंत्राची बोटं हलायची. त्यामुळे सर्जनकडे बघायची कुणाला गरजच उरली नव्हती. रेवतीला मात्र तिच्या जागेवरून सर बाजूने स्वच्छ दिसत.

सरांची बोटं पकडीत होती, पण ढिली. नजर पडद्यावर होती, पण तिथे काही वाचत असल्यासारखी नव्हती. खेडेगावच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेला माणूस जसा समोर बघतो, तसे ते बघत होते. आणि पडद्यावर मात्र पित्ताशयाभोवतीचा पातळ पापुद्रा सफाईने सुटत चालला होता. थोड्या वेळाने सर जागे झाल्यासारखे हलले आणि म्हणाले, "क्लिप लावली ना आपण?"

"लावली सर, मघाशीच," नर्स म्हणाली.

"हां, हां. मग चला."

ऑपरेशन उत्तम झालं. यंत्राने अंक दिला : शहाण्णव.

या अंकाला सगळे हस्तांक म्हणत. तो आला त्यामागे एक मोठा खटला होता. कुठल्याशा हॉस्पिटलात हात चालेनासा झालेल्या सर्जनने तीन रुग्ण गमावले होते, आणि न्यायालयाने सर्जनइतकंच हॉस्पिटललाही दोषी धरलं होतं. थिएटर तुमचं, माणूस तुम्ही नेमलात. त्याला काम येतं की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ही सबब चालणार नाही, असा निकाल होता. सगळी हॉस्पिटलं धास्तावली. प्रत्येकाने पात्रता समित्या नेमल्या. पण समितीत बसणार कोण? सोबतचेच डॉक्टर. मित्राविरुद्ध कुणी लिहीना आणि ज्याच्याशी वाकडं त्याच्याविरुद्ध पानंच्या पानं. काढून टाकलेले डॉक्टर समितीवर दावे लावू लागले. शेवटी कायदाच झाला, की यंत्र सर्जनच्या हाताला गुण देईल. हत्याराचं टोक किती नेमकं फिरलं, रक्त किती गेलं, वेळ किती लागला, यावरून. ऐंशीच्या वर अंक असेल तर हॉस्पिटलने आपलं कर्तव्य केलं असं धरलं जाईल. साठच्या खाली गेला तर त्या सर्जनला थिएटर बंद. भांडण मिटलं. समित्या पूर्वी माणसाकडे बघत, आता अंकाकडे बघू लागल्या.

त्याच सुमारास यंत्रात 'साथ' आली. सुरुवातीला तिचं काम साधं होतं. म्हातारपणी हाताला येणारी थरथर फार भरभर असते, सेकंदाला आठ-दहा हेलकावे, आणि मनापासून केलेली हालचाल सावकाश असते. त्यामुळे यंत्राला दोन्ही वेगळ्या काढून थरथर गाळता येत असे. मग साथ सर्जनला शिकू लागली. एका माणसाची शेकडो ऑपरेशनं पाहून तिला कळू लागलं, की या वळणावर हा डावीकडे जातो, ही गाठ अशी मारतो. हात क्षणभर अडखळला तर पुढचा क्षण ती भरून काढू लागली. आधी अर्धा सेकंद. मग दोन. दर नव्या आवृत्तीबरोबर थोडं अधिक. कंपनीची जाहिरात होती, 'तुमचाच हात, तुमच्या सर्वांत चांगल्या दिवसाचा.' त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या हातात माणूस किती आणि साथ किती, हे कुणी मोजत नव्हतं. हस्तांक हत्याराच्या टोकावरून ठरायचा, आणि टोकाला दोघांचा फरक कळत नसे.

जेवणाच्या सुट्टीत रेवती डॉक्टरांच्या खोलीत गेली. सर कडक भाकरी मोडून शेंगाचटणीला लावत होते. चौसष्ट वर्षांचे अंबादास चिलवेरी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा. शहरातल्या निम्म्या घरांत त्यांनी कुणाचं ना कुणाचं पोट उघडलेलं होतं. रेवतीचा नवरा गेला तेव्हा सरांनी आणि त्यांच्या पत्नी पद्मजाताईंनी दोन-अडीच महिने तिच्या घरी डबा पाठवला होता.

"सर, मघाशी तुमचे हात थांबले होते."

"विचार करत होतो."

"क्लिप लावली का, हे तुम्ही विचारलंत."

"खात्री करून घेतो मी. घेऊ नको?" सर हसले. "अंक बघितलास? शहाण्णव. मागच्या वर्षी त्र्याण्णव होता. वय वाढतंय आणि हात सुधारतोय."

"म्हणूनच भीती वाटते. चौसष्टाव्या वर्षी कुणाचा हात सुधारत नाही, सर."

सरांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझ्या अंकावर शंका घेतेस तू?"

"अंकावर नाही. तो कुणाचा आहे, एवढंच विचारतेय. एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या. मी येते बरोबर."

"रेवती," ते शांतपणे म्हणाले, आणि तो शांतपणाच तिला लागला, "तू भूल दे. मी ऑपरेशन करतो. पंचवीस वर्षं हेच चाललंय ना आपलं?"

दुसऱ्या दिवशी ती वैद्यकीय संचालकांकडे गेली. डॉ. कौस्तुभ देगावकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग दार लावलं.

"मला काही दिसत नाही असं समजू नका. परवा त्यांनी मला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. पण मी करू काय? अंक शहाण्णव असताना त्यांना थांबवलं तर ते कोर्टात जातील, आणि जिंकतील. कायदा त्यांच्या बाजूने आहे. आणि अंक शहाण्णव असताना काही वाईट घडलं, तर कोर्ट आपल्याला हातही लावणार नाही."

"म्हणजे काही घडलेलं आपल्याला परवडेल?"

"मी असं म्हणालो नाही."

"तुम्ही असंच म्हणालात, सर."

तिने समितीकडे रीतसर तक्रार केली. समितीचं उत्तर चार ओळींचं आलं. हस्तांक समाधानकारक असल्याने पुढील चौकशीची आवश्यकता नाही. हा विषय गोपनीय असून तो समितीबाहेर नेल्यास शिस्तभंग समजला जाईल. वर तिच्याच नावापुढे 'सहकार्यात उणीव' असा शेरा पडला.

तिला वाटलं, आता हा विषय सोडावा. नेहमीच्या शरीरात साथ चुकणार नाही, हे तिलाही पटत होतं. सरांच्या हजारो ऑपरेशनांची सवय साथीत साठलेली होती. सवयीला रस्ता ओळखीचा असला की झालं.

आणि मग अश्विनी म्हेत्रे आली.

टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करणारी, सत्तेचाळीस वर्षांची. पित्ताशयात खडे. साधं ऑपरेशन. आदल्या दिवशी तिचं स्कॅन रेवतीने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. यकृताला रक्त नेणारी उजवी धमनी एरवी पित्ताशयापासून राखून असते. अश्विनीच्या पोटात ती सुरवंटासारखी कमान करून पित्ताशयाच्या नळीला येऊन खेटली होती. शंभरात थोड्याच लोकांत असं असतं. सवयीने बघणाऱ्याला ती पित्ताशयाची बारीक धमनी वाटते. सवयीचा हात तिला क्लिप लावून कापून टाकतो आणि यकृताचा अर्धा भाग उपाशी पडतो. जागा सर्जन इथे थांबतो, शंका घेतो, पुन्हा बघतो. साथीला शंका घेता येत नव्हती. शंका घेणं सर्जनवरच सोडलेलं होतं, आणि तिथे त्या वेळी कुणी असेलच, याची रेवतीला खात्री नव्हती.

तिने स्कॅन सरांना दाखवलं. सरांनी कमान लगेच ओळखली. तिच्यावर पाच मिनिटं सुंदर बोलले, विद्यार्थ्याला शिकवावं तसं. रेवतीच्या मनावरचं ओझं उतरलं. मग निघताना त्यांनी विचारलं, "हे कुणाचं स्कॅन म्हणालीस?" तिने नाव सांगितलं. दाराशी पोचून ते वळले. "कुणाचं गं हे?"

सकाळी ती अश्विनीच्या खाटेपाशी गेली. भूल देण्याआधी रुग्णाशी बोलावं लागतंच. अश्विनीचा नवरा प्रकाश उशाशी बसला होता.

"चिलवेरी डॉक्टरच करणार ना, मॅडम?" अश्विनीने विचारलं. "माझ्या सासूबाईंचं त्यांनीच केलं. त्यांचा हात लागला की भीती नाही, म्हणतात सगळे."

रेवतीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. हजारदा म्हटलेलं 'हो'. ते बाहेर आलंच नाही.

"अश्विनीताई, तुमच्या पोटातली एक रक्तवाहिनी नेहमीच्या जागी नाही. ऑपरेशन करणाऱ्याचं पूर्ण लक्ष हवं. आणि चिलवेरी सरांचं लक्ष मधूनमधून जातंय, असं मला दिसलंय. तेव्हा यंत्र त्यांच्या सवयीने पुढे काम करतं. तुमच्या बाबतीत तसं झालं तर धोका आहे. आज ते ऑपरेशन करणार असतील, तर मी तुम्हाला भूल देणार नाही."

प्रकाश ताडकन उठला. "अहो, हे आत्ता सांगताय? रात्रीपासून उपाशी आहे ती!"

"आत्ता सांगतेय, कारण याआधी ज्यांना सांगितलं त्यांनी ऐकलं नाही."

अश्विनी रडायला लागली. तिने रेवतीचा हात झटकला. "घाबरवायलाच आलात का तुम्ही?" रेवती खाटेशी उभीच राहिली.

पंधरा मिनिटांत देगावकर धावत वॉर्डात आले, मागोमाग समितीतले दोघं. देगावकरांनी तिला बाजूच्या खोलीत ओढलंच जवळजवळ. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? ही गोपनीय बाब होती. नोकरी जाईल. परवाना जाईल."

"जाऊ दे."

"दुसरा भूलतज्ज्ञ बोलावतो मी."

"बोलवा. त्यालाही मी हेच सांगेन. दारात उभी राहून सांगेन." तिचा आवाज चढला, आणि तो तिने उतरवला नाही. "नाहीतर एक करा. साथ बंद करा. सरावाचं नकली आतडं ठेवा आणि सरांना त्यावर दहा टाके घालायला सांगा. फक्त त्यांच्या हाताने. त्यांनी घातले तर मी स्वतः भूल देईन, आणि संध्याकाळी राजीनामा."

"असं करता येत नाही. साथ बंद करून परीक्षा घेण्याची तरतूदच कायद्यात नाही."

"मनाईही नाही."

"बंद करा ती साथ!"

दारात चिलवेरी सर उभे होते. टोपी घातलेली, चेहरा लाल. वॉर्डातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "साथ नव्हती तेव्हा मी काय करत होतो? कंदिलाच्या उजेडात आतडी शिवलीत मी. चला. आणि हिलाही घ्या बरोबर. बघू दे."

थिएटरमध्ये तंत्रज्ञाने साथ बंद केली. कन्सोलवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. सर बसले, पकडी धरल्या. रेवती त्यांच्या बाजूला, नेहमीच्याच कोनात उभी राहिली.

पहिला टाका पडला. देखणा. हाताला किंचित कंप होता, पण टोक नेमकं जिथे हवं तिथे गेलं. दुसरा. तिसरा. देगावकरांनी सुस्कारा सोडला. रेवतीला लाज वाटली, आणि त्या लाजेइतकाच आनंदही. आपण चुकलो असू तर किती बरं होईल, असं तिला मनापासून वाटलं. चौथ्या टाक्याची सुई आतड्यात गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली. सरांनी दोरा ओढला.

आणि हात थांबले.

सुई पडद्यावर अधांतरी होती. सर सुईकडे बघत होते, शांत, कसलीही घाई नसल्यासारखे. बराच वेळ गेला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते तंत्रज्ञाकडे वळले आणि जरा वैतागून म्हणाले, "अरे, हे पुढे का जात नाही?"

तंत्रज्ञ जागचा हलला नाही. सरांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, मग पिवळ्या दिव्याकडे. आपण काय विचारलं, ते त्यांच्या ध्यानात येत गेलं. रेवतीने ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं, आणि आयुष्यात इतकं कठीण दुसरं काही तिने पाहिलं नव्हतं. तिने हात पुढे केला. सरांनी तो घेतला नाही. स्वतःच उठले, टोपी काढून कन्सोलवर ठेवली आणि बाहेर गेले.

"हे इथेच राहील," देगावकर घाईघाईने म्हणाले. "सर थकलेत. त्यांना रजा देऊ. कुणी बाहेर—"

"मी बोलणार आहे," रेवती म्हणाली. "विचारेल त्याला सांगणार आहे."

अश्विनीचं ऑपरेशन चार दिवसांनी दुसऱ्या हॉस्पिटलात झालं, पोट उघडून, जुन्या पद्धतीने. बाई बरी झाली. केवढा मोठा व्रण राहिला म्हणून ती पुढे कित्येक महिने कुरकुरत असे, आणि रेवतीचं नाव निघालं की अजूनही म्हणे, "ऐनवेळी सांगितलं बाईंनी. पण सांगितलं."

रेवती निलंबित झाली. ट्रस्टने चौकशी बसवली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश होत्या, सावकाश बोलणाऱ्या. ट्रस्टच्या वकिलाने आधीच निरोप दिला होता, की रुग्णाला सांगणं ही चूक झाली, एवढं लेखी दिलं तर नोकरी परत.

"गोपनीयतेचं कलम तुम्ही मोडलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो."

"तक्रारीसाठी समिती होती."

"समितीने अंक बघितला. माणूस बघितला नाही."

"उद्या प्रत्येक डॉक्टर दुसऱ्याबद्दल रुग्णांच्या कानात काहीबाही सांगू लागला, तर हॉस्पिटल चालेल कसं? मत्सर असतो, हेवेदावे असतात. हे कलम उगीच आलेलं नाही."

प्रश्न खरा होता. रेवतीने तो टाळला नाही. "नाही चालणार. म्हणून मी माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं म्हटलंच नाही. साथ बंद करून बघा म्हटलं. बघायची तयारी असती तर मला खाटेपर्यंत जावंच लागलं नसतं. बाई, झोपवलेला रुग्ण स्वतःसाठी काही करू शकत नाही. त्याच्या वतीने जागं राहायला मला तिथे ठेवलंय. मी डोळे मिटून घ्यायचे असतील, तर तिथे माझं काय काम?"

"असा प्रसंग पुन्हा आला तर?"

"पुन्हा सांगेन. आणि त्या वेळी आदल्या दिवशी सांगेन, म्हणजे रुग्णाला उपाशी राहावं लागणार नाही."

तिने काही लिहून दिलं नाही. नोकरी गेली. मात्र निकालाच्या शेवटी न्यायाधीशबाईंनी आपणहून एक परिच्छेद जोडला होता. ज्या अंकात माणसाचा वाटा किती हे सांगता येत नाही, तो अंक माणसाच्या पात्रतेचा पुरावा मानावा का, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करावा. हा परिच्छेद कुणीतरी भूलतज्ज्ञांच्या गटावर टाकला. त्याच आठवड्यात शहरातल्या एका भूलतज्ज्ञाने टेबलाशी उभं राहून सर्जनला म्हटलं, "आधी साथ बंद करून दोन टाके दाखवा, मग भूल देतो." सर्जन खवळले. दुसऱ्या दिवशी आणखी एकीने तेच म्हटलं. महिन्याभरात पुणे, लातूर, नांदेड. काहींना नोटिसा आल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. काही सर्जनांनी आपणहून साथ बंद केली आणि म्हणाले, बघा. कंपनीने पत्रक काढलं, मंत्र्यांनी समिती नेमली. साथ बंद ठेवून अंक काढायचा नियम व्हायला पुढे दोन वर्षं लागली. तोवर भूल देणारे अडून बसले ते बसलेच.

रेवती अक्कलकोट रोडवरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात काम करू लागली. चिलवेरी सरांकडे जायचं ती टाळत होती. पद्मजाताईंचा फोन आला तेव्हा तिला टाळता येईना.

"आजाराचं नाव आता कळलंय," पद्मजाताई दारातच हळू आवाजात म्हणाल्या. "औषधं चालू आहेत. आज बरे आहेत. पण तुझ्यावरचा राग विसरलेले नाहीत बघ. बाकी सगळं विसरतात."

सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. रेवती समोर उभी राहिली. त्यांनी तिला बराच वेळ न्याहाळलं.

"ती कमानीवाली बाई," ते म्हणाले. "काय झालं तिचं?"

"बरी आहे, सर. कारखान्यात जाते परत."

"कुणी केलं?"

तिने सर्जनचं नाव सांगितलं. सरांनी मान हलवली. "बरा आहे तो. घाई करतो जरा." मग त्यांचा आवाज एकदम कडक झाला, थिएटरमधला जुना आवाज. "सगळ्यांच्या देखत उघडं पाडलंस तू मला."

"हो सर."

"माफी मागायला आलीस?"

रेवतीचे डोळे भरून आले. एक शब्द उच्चारला असता तर या माणसाला बरं वाटलं असतं, आणि तिलाही. तिने नकारार्थी मान हलवली.

"नाही सर."

खाली रस्त्यावरून चादरींच्या गठ्ठ्यांनी लादलेला एक टेम्पो गेला. सरांनी पाय हलवून शेजारची खुर्ची तिच्याकडे ढकलली.

"मग बस."